दिवा विझला नाही तर आष्टी

‘‘तिनं गाडीत पाय ठिवला आन दिवा लागला, ह्या डोळ्यांनी पाह्यलं मी’’ — असं म्हणाल्या आत्याबाई. मला नाही हो, सासूबाई मला कशाला म्हणतील — शेजारच्या साखराबाईला. मी न्हाणीत होते आन आमच्या न्हाणीला छत नाही, त्यामुळं ऐकू सगळंच येतं. कुठला दिवा म्हणजे — हाच की मिस्त्री, ज्याच्यासाठी तुम्ही गाडीखाली शिरलात. लाल, गोलात उद्गारचिन्ह. ब्रेकचा. लग्नापासून लागलाय तो विझायचं नाव नाही. तुम्ही खालीच राहा, वर नका येऊ. तुमचे नुसते दोन पाय दिसतायत म्हणून तर बोलता येतंय मला. सासरी आल्यापासून मी ‘हो’ आन ‘वाढू का’ एवढंच बोललेय. सगळे म्हणतात, सून लई शांत आहे. शांत कसली — मधे शिरायला फट सापडत नाही.

ते दोघं समोर हॉटेलात चहा पितायत, आत्याबाई आन हे. आत्याबाई बशीत ओतून फुंकत बसतात, म्हणजे वेळ आहे. तर ऐका, तुम्ही वर येऊन काय सांगणार त्याच्यावर माझं सगळं अडलंय. तुम्ही म्हणालात हा पार्ट गेलाय, बदलतो — तर मी इथून घरी. तुम्ही म्हणालात काहीच बिघाड दिसत नाही — तर मी इथून सरळ आष्टीला, माहेरी. सव्वा महिना. गाडीवरची सावली जाईपर्यंत. डिकीत माझी बॅग आहे, जॅक काढताना बघितली असेल तुम्ही. आता सव्वा महिन्यानं कुणी आणायला येतं का? आमच्या गल्लीतली मंजुषा अशीच सव्वा महिन्यासाठी आलती. तिचं पोरगं आता आष्टीच्याच शाळेत जातंय.

काय म्हणता, ऑइल? ऑइल भरलेलं आहे. बीडच्या एकानं ऑइल बदललं, पॅड बदलले, दिवा तसाच. दुसरा म्हणाला, बल्बच काढून टाकतो, दिसणारच नाही. आत्याबाई त्याला जेवायला बोलवायच्या बेतात होत्या. मी चहाचा ट्रे पाडला, मुद्दाम, म्हणून ते राहिलं — दिवा दिसला नाही तरी चाकं घासतच राहिली असती. आन मागची चाकं तापलीत ना? तापणारच. जळका वासही येतो. आत्याबाई म्हणतात, ‘‘ही बसली की गाडीचं पाऊल उचलत न्हाई.’’ माझं वजन पंचेचाळीस किलो. त्यांचं मी सांगत नाही.

मला कसं कळतं? आमचे आबा शेळ्या-मेंढ्यांचे व्यापारी — बाजाराला पिकअपमधे बोकडं भरायची आन मी शेजारी. पुढं पुढं तर मीच चालवायची. हँडब्रेक एक दात वर राहिला की दिवा लागतो आन मागची चाकं घासतात, हे आमच्या बोकडांनासुद्धा माहीत होतं. इथं सांगितलं नाही कुणाला. विचारलंच नाही कुणी. बघायला आले तेव्हा भाकरी येते का विचारलं, शिवण येतं का विचारलं, चालून दाखव म्हणाले, चालले. गाडी चालवून दाखव कुणी म्हणालं नाही.

आता खरं सांगते, पण वर बघू नका. मी मागं मधे बसते — नवी नवरी, दुसरीकडं कुठं बसणार — तर तिथून दोन सीटांच्या मधलं सगळं दिसतं. हँडब्रेकच्या दांड्याला काळ्या कापडाची पुरचुंडी बांधलीय: बिब्बा, खडेमीठ, मोहरी आन घोड्याच्या नालाचा तुकडा. नजर लागू नये म्हणून. आरशाला जागा नव्हती, तिथं आधीच लिंबू-मिरच्या आन तान्ह्या बाळाचा बूट — बाळ कुणाचं ते विचारू नका. आन ह्यांनीच कधीतरी आईला सांगितलेलं, गाडीला धरून ठेवतो तो हा दांडा. मग बाईनं दांडाच धरला. आमच्या मांडवाच्या दारात, मी बसायच्या जरा आधी, बांधली. दांडा पुरता खाली जाईना, दिवा लागला, आन तेवढ्यात मी पाय आत घातला. झालं. पुढं दिवा विझेना म्हणून आमावास्येला आणखी एक बांधली. आता दांडा दोन दात वर आहे.

तुम्हीच सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील — काय? बिब्ब्याला हात लावणार नाही? हो, तुमच्याही शटरला टांगलाय, आले तेव्हाच बघितला मी. जुनं गिऱ्हाईक आहे म्हणता. माझी नवी सासू आहे, त्याचं काय?

ह्यांना दिसलं नाही का? दिसलं असणार. परवा गाडी पुसताना हात तिथं येऊन थांबला, मग आईकडं बघितलं, मग काच पुसायला लागले — आधीच पुसलेली. माझं पोट दुखत होतं तर मोसंबी आणली, ती खिशात लपवून, वर रुमाल. रुमालाखाली एवढा उंचवटा कशाचा असतो हो? मोसंबीला भिणारा माणूस बिब्ब्याला काय हात लावणार. पण सोलून दिली. पांढऱ्या शिरासुद्धा काढल्या, एकेक, आन बी चुकून राहिली तर हात पुढं केला, इथं टाक म्हणून... मला नाही जायचं आष्टीला. हे तुम्हाला कशाला सांगतेय मी.

बाहेर या तुम्ही. या म्हणते ना. जॅक उतरवा, चाकाला दगड लावा, आन लांब उभे राहा — तुमच्या अंगावर गेली तर तेही माझ्याच पायावर येईल. हां. गाठ लई घट्ट मारलीय बाईनं — थांबा, दातानं — ही एक. ही दुसरी. आता दांडा खाली... बघा. दिवा गेला.

आल्या, मागोमाग हेही. बशी संपली वाटतं. तुम्ही मधे बोलू नका, मिस्त्री.

— आत्याबाई, दिवा विझला. मिस्त्रीनं नाही, मी विझवला. हात पुढं करा. ह्या तुमच्या दोन पुरचुंड्या. दांड्याखाली ह्या होत्या, माझा पाय नव्हता. आन आष्टीला निघालोय ना, तर जाऊ की — आबांकडं जेवू आन तिघंही माघारी येऊ. बसा. नाही, गाडी मी घेते. अहो, तुम्ही मागं बसा, मधे. तिथून सगळं दिसतं.