चार कोपऱ्यांचं कार्ड

अध्यक्ष शालिग्राम आबा, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते पिंपळनेरचे पोस्टमन चुडामणभाऊ, आणि सतरंजीवरच्या माझ्या बंधुभगिनींनो,

आधी एक गाऱ्हाणं. चिटणीसांनी मघाशी विडा दिला. त्यातली सुपारी माझ्या डाव्या दाढेत अडकली आहे. टेबलावर तांब्या आहे, हार आहेत, अत्तरदाणी आहे. दात कोरायला काडी मात्र नाही. समारंभ आखताना वक्त्याच्या दाढेचा विचार होऊ नये, ही खेदाची बाब आहे. हसू नका. या दाढेचा आजच्या सत्काराशी जवळचा संबंध आहे.

आबांनी आत्ताच सांगितलं, लढाईच्या दिवसांत चुडामणभाऊ गल्लीच्या तोंडापासूनच हाक द्यायचे, "खुशाल शे," आणि मग कार्ड घेऊन दारात यायचे. फौजेत गेलेल्याच्या घरी खाकी पिशवी दिसली की तव्यावरची भाकरी करपायची. त्या हाकेने ती वाचायची. सगळं खरं. पण ही रीत पडली कशी, ते आबांना ठाऊक नाही. मला आहे.

त्रेचाळीस साल. चुडामणभाऊ शाळेच्या ओट्यावर टपाल ठेवून आत पाणी प्यायला गेले. माझ्या दाढेत सुपारी. मी गठ्ठ्यातल्या वरच्या कार्डाचा कोपरा फाडला आणि दाढ कोरली. मुलांना त्या तासाला मी सदाचार शिकवत होतो. आपल्याकडे मरणाची बातमी असलेल्या कार्डाचाच कोपरा फाडतात, हे का मला माहीत नव्हतं? पण दाढ ठणकत असली की शहाणपण आठवतं कोणाला?

कार्ड कौतिकचं होतं, ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून आलेलं. त्याच्या आईने, भागाबाईंनी, लांबूनच तो कोपरा पाहिला आणि उंबऱ्यावर बसकण मारली. कौतिकच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, मजकूर ऐकायची वाट पाहिली नाही. दगड उचलला आणि बांगड्यांवर मारला. चुडामणभाऊंनी मध्ये आपला हात घातला.

"पहिले आयक तरी, पोरी," ते म्हणाले. "कौतिक खुशाल शे. लोणचं मांगस."

"मंग कोपरा कोनी फाडा?" भागाबाईंनी विचारलं.

"उंदीरनी कुरतडं, अक्का."

कार्ड आधी कोणाच्या हातात द्यायचं, यावरून त्या सासू-सुनेचं महिनाभर बोलणं बंद होतं. त्या दिवशी दोघींनी मिळून लोणच्याची बरणी बांधली. चुडामणभाऊंची करंगळी मात्र मोडली. मघाशी हार घेताना पाहिलंत ना, ती अजून वाकत नाही.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. म्हटलं, आता काही बोलतील. "गुरुजी," ते म्हणाले, "दाढ कशी शे तुमनी?" बस. पुन्हा कधी विषय नाही.

तेव्हापासून ते फौजेचं प्रत्येक कार्ड आधी वाचू लागले आणि हाक देऊ लागले. दोन घरी हाक गेली नाही. तिथे पिशवी बाहेर ठेवून ते आधी नुसते बसून राहिले. परक्याचं टपाल वाचतात म्हणून वरून लेखी ताकीद आली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक दिली. त्यांना तेव्हा एका शब्दाने सोडवू शकला असता असा माणूस गावात एकच होता. तो ओट्यावर बसून सुपारी कातरत होता.

आता पुरे. मंडळाने बोलावलं, आपण ऐकून घेतलंत, उपकार मानतो. कौतिक, मंजुळाबाई, भागाबाई, तुम्ही समोरच बसला आहात. उंदीर कोण, ते आज कळलं. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. चुडामणभाऊंनी तीन वर्षं घातलंच आहे.

आणि भाऊ, आज सकाळी मी पेटीत एक कार्ड टाकलं. पत्ता तुमच्या वरच्या कचेरीचा. त्या ताकिदीचं मूळ माझ्या दाढेत आहे, असं खाली सही करून लिहिलंय. टाकण्यापूर्वी चारही कोपरे तपासले.