दोघांपुरता भात

(वडपे गाव. पंढरी ओट्यापाशी, मुलगी मृणाली डोंबिवलीहून फोनवर, फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला. पुतळाबाई आतल्या खोलीत, उजवा हात प्लास्टरमध्ये.)

मृणाली : थांबा, थांबा. बाबा, तांदूळ किती घेतलेत?

पंढरी : जास्त न्हाय गो. तीन किलो.

मृणाली : दोन माणसांना?

पंढरी : आनि अचानक कोनी आलं तर? पंचवीस वरसं लोकांच्या हळदीचा भात शिजवतोय मी. एकदा पन पातेलं खरवडायची पाळी आली न्हाय. भात कमी पडला का गावात तोंड दाखवता येत न्हाय.

मृणाली : ही हळद नाही, बाबा. आईचं जेवण आहे. व्हिडिओ पाठवला होता ना? एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी.

पंढरी : बगितला. ती बाई तांदूळ अशी मोजते जशी सोनाराकडं बसलीय. मीठ किती म्हनाली?

मृणाली : चवीपुरतं.

पंढरी : हे असं मोघम नको. पाचशे पानांना किती ते मला तोंडपाठ हाय. त्याला पाचशेनं भागलं तर चिमटीत पन येत न्हाय. दोन मानसांचा सैपाक म्हंजे अवघड काम हाय. तुझी आई कसा करते देव जाने.

मृणाली : चाळीस वर्षं रोज दोनदा करते.

पंढरी : तेच म्हनतोय. कवा बोलली न्हाय.

पुतळाबाई : अवो, काय करपतंय?

पंढरी : काय न्हाय! बाजूच्या गोडाऊनमधला वास असंल!

पुतळाबाई : आपल्या खाचरात गोडाऊन बांधून फ्रीज ठेवलेत त्या लोकांनी. फ्रीज करपत न्हाईत. गॅस बारीक करा.

पंढरी : बारीकच हाय! लाकडाचा जाळ असता तर दाखवला असता. ह्या निळ्या ज्योतीवर तोप खाली करपतो नि वर कच्चा राहतो.

मृणाली : बाबा, ऐका. आई तीन दिवस चहा-बिस्किटांवर आहे. गोळ्या रिकाम्या पोटी चालल्यात. म्हणून तर बाऊल सांगितला. ताट मांडीवरून सरकतं, बाऊल मांडीत बसतो, डाव्या हाताने चमचा धरता येतो. खाली भात, वर डाळ, भाजी, दही. संपला विषय.

पंढरी : मी भरवतो म्हनलं तर म्हनते, माझ्या तोंडाकडं काय बघता, मी टीव्ही हाय काय?

मृणाली : आपलं ठरलंय ना? आज तिने एक बाऊल नीट खाल्ला तर राहील. नाहीतर कुमार तिला इकडे आणणार. प्लास्टर निघेपर्यंत, सहा आठवडे.

पंढरी : ठरलं न्हाय, तू ठरवलंस. तुमची दोन बाळंतपनं सोडली तर ती घरात न्हाय अशी माझी एक दुपार गेलेली न्हाय. जावई निघाले का?

मृणाली : निघाला. मानकोलीला ट्रकांमध्ये अडकलाय.

पंढरी : बरं झालं. अडकू दे.

मृणाली : बाबा!

पंढरी : बरं, वाढतो. मधला भात चांगला हाय. वरचा कच्चा, खालचा काळा, पन मधे एक थर हाय जनू देवानंच राखलाय. हां, डाळ. वालाचं बिरडं. दही. कोपऱ्यात सुकटीची चटनी. बघ, दिसतंय का तुझ्या व्हिडिओगत?

मृणाली : छान दिसतंय. घेऊन जा. फोन पण न्या.

पंढरी : हे घे गो. बाऊल.

पुतळाबाई : हे काय?

पंढरी : शहरात असंच खातात आता. सगळं एकात.

पुतळाबाई : भातावर सगळ्यातलं थोडं थोडं. असं आपन कौलावर ठेवतो नि का-का करून हाका मारतो. म्या अजून जित्ती हाय, अवो.

मृणाली : आई, एक चमचा खाऊन तर बघ.

पुतळाबाई : खाते, बाय. हं.

पंढरी : कसा झालाय?

पुतळाबाई : बरा.

पंढरी : बरा म्हंजे? डाळ पातळ झाली का?

पुतळाबाई : न्हाय.

पंढरी : बिरड्याला गूळ कमी पडला वाटतं. तुझ्या कपाळाला आठी हाय.

पुतळाबाई : ठेवा हे बाजूला.

पंढरी : का? काय चुकलं? मृणाली, हिला इचार काय चुकलं!

पुतळाबाई : काय चुकलेलं न्हाय. परवाची खिचडी पन बरी व्हती, कालचे पोहे पन. पन दर घासाला तुमी समोर बसून इचारता, कसं झालंय. एक घास गिळायचा नि एक कवतिक करायचं. खायची ताकद हाय माझ्यात. कवतिकाची न्हाय.

पंढरी : आता न्हाय इचारत.

पुतळाबाई : तोंड तिकडं करा.

पंढरी : केलं.

पुतळाबाई : खिडकीत बघा.

पंढरी : बघतोय. ट्रक हायेत.

मृणाली : आई? खातेस का?

पुतळाबाई : खातेय, बाय.

पंढरी : मीठ...

पुतळाबाई : अवो!

पंढरी : मिठाची बरनी ओट्यावर उघडी राहिली, येवढंच म्हनत व्हतो.

मृणाली : किती खाल्लंस, आई?

पुतळाबाई : सगळं. हा बघ, बाऊल रिकामा.

पंढरी : सगळं? ऐकलंस, मृणाली? सगळं खाल्लं! आता जावयाला फोन लाव, मागं फिर म्हनावं!

मृणाली : आई, मग राहतेस?

पुतळाबाई : कुमारला येऊ दे, बाय. पिशवी भरलेली हाय माझी.

पंढरी : कवा भरलीस? एका हातानं?

पुतळाबाई : परवा. तुमी खिचडीला वाटाने आनायला गेलतात तवा.

मृणाली : बाबा... कुमारचा मेसेज आला. गल्लीच्या तोंडाशी पोचलाय तो.

पंढरी : बाऊल दे इकडं, इसळून ठेवतो.

मृणाली : बाबा, ऐकताय ना?

पंढरी : ऐकतोय. त्याला सांग, गाडी सावलीत लाव. नि जेवून जा म्हनावं. भात भरपूर हाय.