बदलीचा माणूस

गंगापूर रोडच्या दवाखान्यात माझा नंबर पंधरावा होता. चौदावा माझ्या शेजारच्या फौजीचा, सुट्टीवर आलेला, सोबत बायको. मी पुस्तक उघडून बसले होते, पण एक ओळ वाचली असेल तर शपथ.

"छाया, डॉक्टरला नुसतं प्रेशरचं सांगायचं. झोपेचं नाय."

"का?"

"कागदावर आलं की फौजेच्या मेडिकल तपासणीत खालच्या वर्गात टाकतील. हवालदार व्हायचं राहूनच जाईल."

"तीन वर्षं दोन-दोन तास झोपल्यावर प्रेशर वाढणार नाय तर काय? घरी आलात तरी रात्री उठून दारात उभे. आता तर कुत्रं बी भुंकत नाय तुमच्यावर."

"बदलीचा माणूस आल्याशिवाय पहारा सोडता येत नाय."

"मग मी आले बदलीला. टेका डोकं."

"बंदूक?"

"द्या इकडं."

त्याने खरंच दोन्ही हात पुढे केले. तिने ते मांडीवर धरून ठेवले. थोड्या वेळाने तो घोरू लागला.

"चौदा नंबर," आतून हाक आली.

"तू जा बाई आधी," ती मला हळूच म्हणाली. "डॉक्टरला म्हणावं, झोपेचं सगळं मी सांगणार हाय. हे आत्ताच ड्यूटीवरून सुटलेत."