कोकराचं कातडं

मुलुंडच्या लाँड्रीत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

"उत्तरा, ही चुरगळलेली साडी परत पिशवीत का ठेवलीस गं?"

"अनूच्या आईची आहे, ह्यांच्या पहिल्या बायकोची. ती गेल्यापासून कपाटातच होती."

"आणि तू नेसलीस?"

"अगं, सुट्टीत आम्ही मेंढ्यांच्या फार्मशेजारी उतरलो होतो ना, तिथे एका मेंढीचं कोकरू मेलं. धनगराने त्याचं कातडं एका पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलं. मेंढीने वास घेतला आणि पाजलं की त्याला!"

"म्हणून तू..."

"घरी आल्यावर हीच काढून नेसले."

"मग? आली अनू जवळ?"

"आली ना. पदरात तोंड खुपसून दुपारभर झोपली. मी हललेसुद्धा नाही."

"झालं की मग!"

"उठल्यावर म्हणाली, मावशी, ही साडी धुऊ नका हं."