रंगाखाली गेलेल्या पेन्सिलच्या रेघा

पांडूकाकांच्या घरची मंडळी, आपल्या बिल्डिंगमधले सगळे, आणि बाजारात अर्धं शटर ओढून आलेले तुम्ही दुकानदार. मला काकांच्या शोकसभेत बोलायला उभं केलंय, पण सुरुवात जमत नाहीये. रडू येतंय म्हणून नाही. म्हणजे, तेही येतंय. पण मला भीती वाटतेय. ती सांगितल्याशिवाय काकांबद्दल एक शब्द नीट बोलता येणार नाही.

मी गणेश. तिसऱ्या मजल्यावरच्या सुमनमावशीचा भाचा. दहावीनंतर कुठे टिकलो नाही. न्हावा शेव्याला ट्रेलरवर क्लीनर होतो, मग सुकापूरला टॉवरला बाहेरून रंग मारला. दोरावर लटकून. तिथून खाडी दिसते, आणि एकदा अकराव्या मजल्याच्या खिडकीत एक मांजर... जाऊ दे. काकांचं सांगायचंय.

काका उरणकडचे. जन्मभर गवंडीकाम. हातपाय थकले तरी रोज सकाळी थापी घेऊन जिन्यातून फिरायचे. थापीच्या मुठीने भिंत ठोकायची, कान लावायचा. जिथे तडा, तिथे तड्याच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ, आणि शेजारी महिना. तडा रेघेच्या पुढे सरकला, की नवी रेघ, नवा महिना. आपण हसायचो. "काका, भिंतीचं प्रगतिपुस्तक भरताय काय?" ते म्हणायचे, "हसा. ती बोलते हाय. तुमी आयकत नाय."

मग गणपतीच्या आधीचं ते मोबाइलवरच्या ग्रुपमधलं भांडण. आठवतंय ना? पनवेलच्या बाजारातल्या कुठल्या घाणेरड्या दिसणाऱ्या इमारती पाडाव्यात आणि कुठल्या दुरुस्त कराव्यात. कुणीतरी फोटो टाकले आणि गाव मतं देत सुटलं. पाडायच्या यादीत भाजीबाजारासमोरची ती काळवंडलेली इमारत दुसरी आली. पहिले आपण! शेवाळ, लोंबणारे पाईप, गॅलरीतल्या चादरी. खाली लिहिलेलं, "पाडा हिला, डोळे दुखतात."

आपल्याला किती लागलं ते! इथेच मीटिंग घेतली, याच पार्किंगमध्ये. देशमुखवहिनी, रागावू नका, तुम्ही म्हणालात, "सोनलला बघायला पाहुणे यायचेत. त्यांनी हा फोटो बघितला तर?" आणि सगळे म्हणाले, रंग द्या, तोंडं बंद होतील.

तेव्हा काका उठले. म्हणाले, "ती भाजीबाजारासमोरची मी ठोकून बघितली हाय. दिसायला वंगाळ, पन खांब पक्के. तिला पाडू नका, नुसतं प्लास्टर करा. पाडायची तर ही आपली हाय."

"काका, स्वतःचंच घर पाडायला निघालात?" कोण म्हणालं ते सांगत नाही. सगळे हसले. मीही हसलो.

काका हसले नाहीत. "मी काय हौसेनं सांगतो? माजं बी घर यातच हाय."

रंगाचं काम मला मिळालं. आता ऐका. पुट्टी मी भरली. पॉलिश पेपर मी मारला. पीच रंगाचे दोन हात मी दिले. जिन्यातल्या सगळ्या रेघा, सगळे महिने, मी झाकले. आणि मला माहीत होतं त्या कशाच्या आहेत. एकदा हात थांबला होता. या इथे, मीटरच्या पेटीजवळच्या खांबावर. तिथे पाच रेघा होत्या, एकीच्या पुढे एक. पाच! म्हटलं, काकांना विचारून येऊ. तेवढ्यात चहा आला. चहा प्यायलो, आणि पुट्टी मारली.

काकांनी रंगवलेला जिना बघितला. सुरी घेऊन रंग खरवडायला लागले. कुणी हातातली सुरी काढून घेतली? आपणच. "नवा रंग आहे, काका." मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं, अंथरुणाला लागले. मला बोलावलं. "गन्या, मीटरजवळचा खांब बघ. मला आता जिना उतरवत नाय." मी म्हटलं, बघतो.

बघितलं नाही. सोमवारी काका गेले. काल बघितलं.

नव्या रंगावर केसाएवढी रेघ आलीय. मीटरच्या पेटीमागून निघते आणि वर बीमपर्यंत जाते. मावशीच्या स्वयंपाकघराचं दार आठवडाभर चौकटीत अडकतंय. मावशी म्हणते, लाकूड फुगलं असेल. अशा उन्हात लाकूड फुगतं का? सांगा ना, फुगतं का?

आज सकाळी मी काकांची थापी मागून घेतली. खांब ठोकला, कान लावला. आवाज आला. पण तो चांगला की वाईट, मला कळलं नाही. मी फक्त रंग देणारा. ज्याला कळायचं तो माणूस गेला, आणि त्याने लिहून ठेवलेलं मी पुसलं. काका, मला माफ करा. तुम्ही सगळेही करा, पण नंतर. आधी इंजिनिअरला बोलवा. आजच. तो तपासून सांगेपर्यंत वर कुणी झोपू नका. बहिणीकडे जा, व्याह्यांकडे जा, लाज वाटली तरी जा. सगळा रंग मी खरवडून देतो, भिंत दिसायला कशीही दिसो.

आता काकांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचंय. पण इथे नाही. त्यांचा हार घातलेला फोटो आपण ज्याला टेकवून ठेवलाय ना, तो तोच खांब आहे.

धावू नका. खुर्च्या राहू द्या. पोरांना पुढे घाला, म्हाताऱ्यांचा हात धरा. देशमुखवहिनी, वर पर्स आणायला जाऊ नका, हात जोडतो. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर उभे राहू, आणि तिथे डोळे मिटू.

चला. काकांचा फोटो मी घेतो. त्यांनाही इथे ठेवायचं नाही.