इस्त्री चालू आणि मी उभा

नाही हो, बसायचा आग्रह नका करू! उभाच बरा आहे मी... बरा कसला, उभं राहण्यानेच तर माझं वाटोळं झालं! तुम्हाला सांगतो, आमच्या हिने ती नवी भाषा शिकायला घेतली, सर्वबोली. चार विद्वानांनी टेबलाभोवती बसून बनवलेली, जगात कुणाच्याच आईला न येणारी! शिक म्हटलं, आपलं काय जातंय? तर भाषेपेक्षा तिच्या रीतीच जास्त! पाहुण्यासमोर आपल्या भाषेत चकार शब्द काढायचा नाही, अपमान होतो. नवशिक्या अडखळला तर शब्द सुचवायचा नाही, तोही अपमान. आणि जो उभा राहील त्याने भाषण करायचं, बाकीच्यांनी ऐकायचं!

मी आपला लाँड्रीवाला. दुकान खाली, घर वर. त्या दिवशी हिचा परदेशातला पत्रमित्र आला, हिचं अख्खं सर्वबोली मंडळ आमच्या बाहेरच्या खोलीत, आणि ही मला जिन्यात अडवून म्हणते, "अहो, आजचा दिवस माझी लाज राखा. एवढंच मागते." डोळ्यांत पाणी! राखतो म्हटलं. जाऊन बसलो... आणि बसल्याबसल्या आठवलं, खाली इस्त्री चालूच! कोटावर टेकवलेली! पाहुण्याच्याच कोटावर हो, प्रवासात चुरगळला म्हणून आल्याआल्या मीच हौसेने काढून घेतलेला!

ताडकन उठलो. झालं! खोली चिडीचूप. माना वर, कान टवकारलेले... आणि मी आपला उभा!

हिच्याकडे बघून नुसते ओठ हलवले, "इस्त्री!" हिने अशी नजर टाकली की ओठ मिटून घेतले. मग हाताने करून दाखवलं, असं, पुढे-मागे, पुढे-मागे... तर त्यांच्यात हातवारे परत करायचीही रीत! अख्खं मंडळ इस्त्री करायला लागलं! पाहुणा तर दोन्ही हातांनी! आणि मी आपला उभा!

त्यांच्या भाषेतले मला येणारे शब्द किती? मित्र, आनंद, गरम आणि कोट. शेवटी डोळे मिटून म्हणालो, "मित्रांनो. मला आनंद. कोट गरम. फार गरम. मला... आनंद!"

टाळ्या! पाहुण्याने मला मिठीच मारली, आणि माझा हात घट्ट धरून उत्तराचं भाषण सुरू! उत्तर दुप्पट लांब असावं लागतं म्हणे! जिन्यातून वास यायला लागला, त्याने नाक वर करून हुंगलं, खुशीत मान डोलावली. त्याला वाटलं स्वयंपाक! आणि मी आपला उभा!

भाषण संपल्यावर खाली धावलो, तर कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा त्रिकोण, आरपार! मी तोंड लपवतोय, तर पाहुणा तोच घालून त्यांच्या सर्वबोलीच्या सभेला गेला. यजमानाच्या हातची खूण मिरवायची, अशी रीत! आणि ही म्हणाली, "अहो, किती छान बोललात!" इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा म्हणाली... खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

आता दर रविवारी मला बोलायला लावतात. परवा चिडून विचारलं, निदान इस्त्रीला तुमच्यात काय म्हणतात तेवढं तरी सांगा! शब्दच नाही म्हणे अजून. त्यावर समिती बसली आहे... आणि मी आपला उभा!