दुसऱ्या नंबरची बोली

घासून देतो म्हटलं ना, मॅडम — बसा तर खरं, ते स्टूल ओढून घ्या, त्याचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकवलंत की डुलणार नाही — हां, तसं. तर तुम्ही डावखुऱ्या. आधी कळवलं असतंत तर... नाही, तुमची काय चूक त्यात, जुनं पेन विकत घेताना कोण सांगत बसतं, मी डाव्या हाताने लिहिते म्हणून! पण निबचं कसं असतं, बघा — या भिंगातून बघा — टोकाला एक बारीकसा मणी असतो, तो मालकाच्या हाताने झिजतो. पंचवीस-तीस वर्षं एकाच माणसाने लिहिलं की एका अंगाने सपाट होतो, आणि मग त्याच माणसाच्या हातात मऊ चालतो, दुसऱ्या कुणाच्या हातात खरखरतो. तुम्हाला खरखरलं ना आत्ता? खरखरणारच. या चाकावर धरलं की जुना हात गेला आणि तुमचा हात बसला, दोन मिनिटांचं काम आहे. करतो.

काय म्हणालात? पहिल्याने का नाही घेतलं? — विचारा, विचारा, तुमचा हक्कच आहे. पहिल्या नंबरने पैसे भरले नाहीत म्हणून पेन दुसऱ्या नंबरकडे, म्हणजे तुमच्याकडे आलं, तर मनात येणारच की पेनात काही खोट आहे का. पेनात खोट नाही. अहो, ऑनलाइन लिलाव म्हटला की असली गिऱ्हाइकं ढिगाने. शेवटच्या मिनिटाला हिरिरीने बोली लावतात, जिंकतात, आणि मग गुडुप! एक जण होता, तो जिंकायचा आणि दुसऱ्या दिवशी लिहायचा, बायको रागावली. दर वेळी बायको रागावली! शेवटी मी त्याला लिहिलं, आधी घरात लिलाव करा, मग इथे या. एक बाई तर पेन पोचलं का म्हणून मलाच विचारत होती — पैसे भरले नाहीत, पत्ता दिला नाही, आणि पेन पोचलं का! माझी आपली ठरलेली पद्धत — चार दिवस थांबायचं, एक सौम्य निरोप पाठवायचा, नाहीच हलला तर साइटवर तक्रार टाकायची, आणि मग दुसऱ्या नंबरला विचारायचं, बाबा, तुझ्या बोलीला घेतोस का. तीन तक्रारी झाल्या की साइटवाले त्या माणसाचं खातंच बंद करतात. पूर्वी मला त्यात मजा वाटायची, खोटं कशाला बोलू, तक्रारीचं बटण दाबलं की बरं वाटायचं. आता नाही दाबत. आता कुणी पैसे भरले नाहीत की मी गप्प बसतो, आठवडा जातो, पंधरवडा जातो — मला आपलं वाटत राहतं, कोण जाणे कुठल्या खाटेवर पडून असेल.

नाही, माझा फोन नाही वाजला. ते खणातलं आहे — वाजू दे. आमच्या हिचा फोन. चार्ज करून ठेवतो मी तो, काही कारण नाही, उगीच. उघडता येत नाही मला, कुलूप कसलं लावलंय ते मला कधी सांगितलंच नाही तिने, पण दिवा लागतो, वरची एक ओळ दिसते आणि विझते. कधी औषधाच्या दुकानाची जाहिरात, कधी तिची मैत्रीण कुणी, जिला अजून कळलेलं नाही. मी बघत नाही, मॅडम. म्हणजे बघतो, पण लगेच नाही बघत.

तर पेन. हं. तुमची बोली शेवटी एवढी का चढली, विचार केलात कधी? साधं पेन, काळं, टोपीची पट्टी बदललेली, कुणी फार मागणारं नव्हतं, आणि तरी तुम्ही आणि ती पहिली, दोघी हट्टाला पेटल्यासारख्या. तुम्ही एक पायरी की ती एक पायरी, तुम्ही एक की ती एक. आमच्या धंद्यात एक — आता हे मी तुम्हाला सांगायला नको. पण तुम्ही दोन महिने थांबलात, चार वेळा लिहिलंत, मी चारही वेळा निब तपासतोय म्हणून थाप मारली, आणि आज तुम्ही एवढ्या लांबून जातीने आलात, तर तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? घरातली बोली म्हणतो आम्ही त्याला. लिलाव थंड पडला की घरातल्याच कुणी एक बोली टाकायची, म्हणजे समोरचा चेकाळतो. लबाडीच आहे ती, कबूल. खातं हिच्या नावावर होतं. मी इथे निबा जुळवायचो आणि ही त्या कोपऱ्यात, जिथे आता खोके आहेत ना, तिथे फोन घेऊन. कुठे थांबायचं ते हिला बरोबर कळायचं, मॅडम, माणसाचा हात कुठे आखडेल हे तिला समोर माणूस नसतानाही कळायचं! एवढ्या वर्षांत दोनदाच चुकली, दोनदाच आमचंच पेन आम्हीच जिंकलो. मग काय करायचं? पैसे न देणारं गिऱ्हाईक म्हणून माझ्याच बायकोवर मी तक्रार टाकायची आणि दुसऱ्या नंबरला पेन द्यायचं. तक्रारीखाली मी लिहायचो, या बाईवर विश्वास ठेवू नका. ती वाचून हसून हसून लोळायची. जेवताना म्हणायची, अहो, वाढू का, की आधी पैसे भरू?

हे पेन तिचं.

नाही, आणलेलं नाही, विकत घेतलेलं नाही, तिचं स्वतःचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी दुरुस्त करून दिलेलं, तेव्हापासून दुकानातली प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक पार्सलावरचा पत्ता हिने याच पेनाने लिहिलाय. ती हॉस्पिटलमध्ये गेली, हात थरथरायला लागला, पाच महिने पेनाला हात नाही. मी पाच पेनांचे फोटो काढत होतो त्या दिवशी, हे सहावं तिथेच पडलेलं — शाई वाळतेय, निब खराब होईल, त्यापेक्षा कुणी लिहील तरी, असं वाटलं मला. किंवा असं वाटलं असं मी आता म्हणतो. ती परत येऊन लिहिणार नाही, हे मी तिच्याआधी ठरवून टाकलं होतं, मॅडम. तिला विचारलं नाही. सगळ्या पेनांच्या किमती ती ठरवायची आणि तिच्याच पेनाचं तिला विचारलं नाही!

आणि ती एक शब्द बोलली नाही. मी रोज दुपारी भेटायच्या वेळेला जायचो, ती विचारायची, पाऊस आहे का, कुलूप नीट लावलंत का, पेनाचं काही नाही. लिलाव संपायची वेळ त्या शेवटच्या दुपारी, मी खाटेशेजारी बसलेलो, माझ्या हातात माझा फोन, तिच्या हातात तिचा, बोट थरथरतंय, तरी टाकतेय बोली — तुमच्यावर. मला काय आनंद! म्हटलं आजारपणात सुद्धा बघा कशी किंमत चढवतेय. मी तिला डोळा मारला, मॅडम. तिने माझ्याकडे बघितलं नाही. नुसतं विचारलं, ही समोर कोण आहे गं बाई एवढी हट्टी? मी म्हटलं, पुरे, आता थांब, जाऊ दे तिला. ती म्हणाली, अजून थोडं. आणि जिंकली. मी म्हटलं, चुकलीस की, तिसऱ्यांदा! तरीही ती हसली नाही, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बाकीच्यांना चार दिवस देतो मी. हिला बसस्टॉपपर्यंत सुद्धा वेळ दिला नाही. घरचंच खातं, थांबायचं कशाला — बसची वाट बघता बघता बटण दाबलं, पैसे न देणारं गिऱ्हाईक, तिसरी तक्रार, खातं बंद होईल ते होईल, बरी झाली की नवीन उघडू. आणि तुम्हाला निरोप. तुम्ही लगेच पैसे भरलेत.

तिच्या वस्तू आणायला गेलो तेव्हा सिस्टरने सांगितलं. नऊ दिवसांनी. म्हणाली, काका, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर काकूंनी मला बोलावलं, म्हणाल्या, एक वस्तू घेतलीय, पैसे कसे भरतात ते मला येत नाही, कधी भरलेच नाहीत, तू करून देशील? सिस्टर म्हणाली, ड्युटी संपली की करू, माझ्या कार्डावरून भरू, तुम्ही मला मग द्या. तासाभराने सिस्टर फोन घेऊन बसली तर वर आलेलं — आपण वस्तूचे पैसे दिले नाहीत, विक्रेत्याच्या तक्रारीवरून आपलं खातं बंद करण्यात येत आहे. सिस्टरने ते मोठ्याने वाचलं. तिला काय माहीत, विक्रेता कोण! काकू काय म्हणाल्या, विचारलं मी. म्हणाली, फोन उशीखाली ठेवायला सांगितला आणि भिंतीकडे तोंड केलं. नंतरचे नऊ दिवस मी रोज गेलो, मॅडम, रोज. तिने मला विचारलं, पाऊस आहे का.

तिने मला सरळ का नाही सांगितलं, हे माझं पेन आहे म्हणून? तुम्ही बाई आहात, तुम्ही सांगा. की मी विकायला काढलं यातच तिला काय कळायचं ते कळलं, आणि मागून घेण्यापेक्षा विकत घेणं तिला — नाही, नका सांगू. राहू दे.

हो, हो, लावतो चाक. दोन मिनिटांचं काम. हे बघा, सुरू झालं, आता निब अशी तिरकी धरायची, आणि — तुम्ही धरा जरा, मोटारीचा आवाज आज वेगळाच येतोय. नाही, मोटार ठीक आहे. बंद करतो.

मॅडम, हे पेन तुम्हाला मिळणार नाही. तुमचे पैसे आजच परत पाठवतो, भाड्याचे वेगळे देतो. रागवा, तुमचं बरोबर आहे, साइटवर माझ्या नावाने काय लिहायचं ते लिहा, एकही शब्द खोटा ठरणार नाही. ते ठेवा तिथे. नाही — माझ्या हातात नका देऊ. टेबलावर ठेवा. आणि निघा आता तुम्ही.